कडेचा मुलगा आणि पांढरा रंग

अभिजात चित्रापुढे उभे राहताना आपल्याला प्रथम एक उपदेश केला जातो : रेषा पाहा, रंग पाहा, छायाप्रकाश पाहा, चित्रातील माणसांचा वर्ग, वर्ण पाहू नका, ते कलाबाह्य आहे. दलित साहित्याने हाच उपदेश वर्षानुवर्षे ऐकला. टायटस काफर (जन्म १९७६) या आफ्रिकन-अमेरिकन चित्रकाराचे 'शिफ्टिंग द गेझ' हे २०१७ चे तैलचित्र या उपदेशालाच हात घालते. आज ते ब्रुकलिन संग्रहालयात आहे. त्याचा विचार आपण करावयास हवा.

काफरने आधाराला घेतले आहे ते फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराचे, १६४५ ते १६४८ च्या सुमारास रंगविलेले कुटुंबचित्र. एक सुखवस्तू जोडपे, त्यांची मुले, कुत्रा, आणि मागे एक कृष्णवर्णी मुलगा. तो या कुटुंबाचा नाही. कुटुंबाच्या वैभवाचा आहे. १६३७ साली डचांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला आणि गुलामांच्या व्यापारात पाय रोवले. त्या काळाचे हे चित्र आहे. गळ्याभोवतीची शुभ्र लेस आणि मागचा मुलगा या एकाच संपन्नतेच्या खुणा आहेत.

हाल्सने त्या मुलाला कुरूप रंगविलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. अन्याय चेहऱ्यात नाही, मांडणीत आहे. पुढे कोण, मागे कोण, उजेड कोणावर, हे सारे आधीच ठरलेले आहे. प्रेक्षकाची नजर त्या आज्ञेप्रमाणे फिरते. आपल्या गावाची रचनाही अशीच ठरलेली होती. म्हणून मागे उभ्या असलेल्या माणसाविषयी हळहळ व्यक्त करून भागत नाही. मांडणीच मोडावी लागते.

काफरने ती मोडली. या चित्राची आपली आवृत्ती त्याने रंगविली आणि २०१७ साली व्हँकुव्हर येथील एका व्याख्यानात, श्रोत्यांसमोर, रुंद ब्रशने कुटुंबीयांवर पांढऱ्या रंगाचे फटकारे ओढले. मुलगा तेवढा उरला. फटकारे आवेशाचे आहेत. पण त्यामागे विचार आहे. त्या रंगात त्याने जवसाचे तेल मिसळले होते. कालांतराने तो रंग पारदर्शक होत जाईल आणि झाकलेले चेहरे पुसटसे पुन्हा दिसतील, हे त्यानेच सांगितले. त्याला इतिहास पुसायचा नाही, नजर हलवायची आहे. आपल्या नकाराला केवळ विध्वंस म्हणणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा.

तरीही एक प्रश्न उरतो. मुलगा नजरेसमोर आला, परंतु हाल्सने दिलेल्याच जागी, हाल्सने दिलेल्याच भूमिकेत. इतरांना झाकल्यामुळे तो दिसतो. स्वतः काही करीत नाही. येथे हुआन दे पारेखाची आठवण होते. तो व्हेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराचा गुलाम. १६५० मध्ये मालकाने त्याचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र रंगविले आणि त्याच वर्षी रोममध्ये त्याच्या मुक्तिपत्रावर सही केली. पुढे १६६१ मध्ये पारेखाने स्वतः येशूच्या शिष्याचा, संत मॅथ्यूचा, एक मोठा प्रसंग रंगविला आणि त्यात डाव्या कडेला स्वतःला उभे केले, हातात आपल्या सहीचा कागद घेऊन. तोही कडेलाच उभा आहे. पण ती जागा त्याने निवडली आहे. दुसऱ्याने दाखविणे आणि आपण स्वतःला मांडणे यांतील हे अंतर दलित आत्मकथनांनी आपल्याला शिकविले आहे. काफरचे चित्र पहिले पाऊल उचलते. दुसरे पाऊल त्या मुलाच्या वंशजांनी उचलायचे आहे, आणि स्वतः काफर त्यांपैकीच एक आहे, हे या चित्राचे खरे बळ.

१८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील दास्यविमोचकांना. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव तिकडूनच घेतले. आता पाहण्याची ही रीतही घ्यावी. वर्गात कोणतेही थोर चित्र वा शिल्प दाखविताना शिक्षकाने आधी विचारावे : यात कडेला कोण उभे आहे, आणि त्याला तेथे कोणी उभे केले?