'बांधेसूद' कशाला म्हणावे?

'बांधेसूद' हे विशेषण मराठी समीक्षेत इतके रुळले आहे की ते मुळात शरीराचे आहे याचा विसर पडतो. कथा बांधेसूद म्हणजे पाल्हाळ नाही, पुनरुक्ती नाही, एकही धागा सुटा नाही. आमच्या हिंगोलीकडे बैल पारखणाऱ्याला असे काही म्हणायचे नसते. लाल कंधारी गोऱ्हा पाहताना तो खांदा भरदार म्हणेल, पाय सरळ म्हणेल. 'बांधेसूद' मात्र अख्ख्या जनावराला, आणि तेही चालवून पाहिल्यावर. नुसता खांदा बांधेसूद नसतो. मांस चढलेला बैल बांधेसूद ठरेलच असे नाही, लहान चणीचा ठरू शकतो. ओझे आले की सगळे अंग एकत्र ओढते का, एवढेच तो बघतो.

समीक्षेने शब्द उचलला, ओझे मागे ठेवले. नामदेवांच्या 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' या प्रकरणांना हा नवा अर्थ लावून पाहावा. (नामदेवांचे गाव मानले जाणारे नर्सी आमच्याच जिल्ह्यात.) ज्ञानेश्वरांचे हे चरित्र सुट्या अभंगांचे आहे, कीर्तनकार त्यातला एकच उचलून गाऊ शकतो. नेहमीच्या मापाने ही रचना विस्कळीतच. 'समाधी'त तर निरोप संपतच नाही. निवृत्तिनाथांचा शोक, संतांचा शोक, पुन्हा तोच शोक नव्या दृष्टान्ताने. एकदा मी वहीत पुनरुक्तीचे अभंग गाळून पाहिले. कथा नीट उरली, शोक उरला नाही. धाकटा भाऊ डोळ्यांदेखत समाधीत उतरतो आहे. ते एका अभंगात मान्य होणारे नव्हे. ओझे वाहते ती पुनरुक्तीच.

शिवाय सैलपणा दिसतो तो बाहेरून. मोठ्या अभंगात तीन चरण 6-6 अक्षरांचे, चौथा मात्र 4 अक्षरांचा. तो आखूड चरण दर वेळी श्वास तोडतो आणि पुढच्या कडव्याला पुन्हा उचलायला लावतो. रडणाऱ्या माणसाचे बोलणे असेच चालते.

म्हणून सैल ते सगळे बांधेसूद, असे मात्र मी म्हणणार नाही. 'तीर्थावळी'तले काही अभंग मला नुसते चढलेले मांस वाटतात. ते काढले तरी चाल बिघडत नाही.