शब्द मोजले, वाक्य राहिले

‘मुसलमान आणि मराठी भाषा’ या विषयावर विद्यार्थी प्रबंध लिहायला बसला की पहिल्या प्रकरणात शेख महंमद येतात, दुसऱ्यात बहमनी राजवट आणि तिसऱ्यात मराठीतील अरबी-फारसी शब्दांची यादी. दरवाजा, कागद, वकील, हुकूम, शाई. यादी लांबली की प्रबंध जाड होतो. शेवटचा निष्कर्षही ठरलेला असतो : मराठीवर फारसीचा मोठा प्रभाव पडला आहे.

हे खोटे नाही. पण ते सिद्ध करायला आता नव्या विद्यार्थ्याची गरज नाही. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार अनेक वर्षे औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, चालवला आणि मराठीवरील फारसीच्या परिणामावर उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांनी केलेले काम पुन्हा उतरवून काढण्याला संशोधन कसे म्हणावे?

या यादीला माझा याहून मोठा आक्षेप आहे. तिच्यात मुसलमान हा मराठीला शब्द पुरवणारा बाहेरचा माणूस ठरतो. देणारा वेगळा, घेणारा वेगळा. ज्याच्या एकाच घरात दोन्ही भाषा नांदतात, त्याला या मांडणीत जागाच नाही. जनगणनेचीही तीच गत आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिमांचे प्रमाण ११.५४ टक्के होते, तर मातृभाषा उर्दू सांगणारे ६.७१ टक्के. संख्येत हा फरक सुमारे ५४ लाखांचा. म्हणजे मुसलमान म्हटले की उर्दू, हे समीकरण सरकारी आकड्यांतच टिकत नाही. आणि जे उर्दू लिहितात त्यांच्यातही मराठवाड्यातील कितीतरी घरे प्रत्यक्षात दखनी बोलतात. त्या दखनीला प्रसिद्ध झालेल्या तक्त्यात स्वतंत्र ओळ नाही.

या दखनीकडे थोडे कान देऊन ऐकावे. ‘नक्को’ आणि ‘मैच’, ‘यहींच’ मधला ‘च’ मराठीचा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एक साधे वाक्य घ्या : ‘काम था बोलके मैं आया नै.’ मराठीत : ‘काम होतं म्हणून मी आलो नाही.’ एकेक शब्द उचलून त्याच्या जागी दुसरा ठेवला की झाले. ‘म्हणून’च्या जागी ‘बोलके’, तेही त्याच ठिकाणी आणि त्याच कामासाठी. किताबी उर्दू हे वाक्य असे बांधत नाही. शब्दांची यादी करणाऱ्याला या वाक्यात मराठी सापडणार नाही, कारण मराठीचा एकही खास शब्द त्यात नाही. मराठी आहे ती वाक्याच्या बांधणीत.

अशा बांधणीचा जगभर गाजलेला एक अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी जैनांची कन्नड, मुसलमानांची उर्दू, तसेच गावातील मराठी आणि तेलुगू यांची तुलना केली. तो लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्या व्यवहारातून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की भाषांतर म्हणजे बहुतांशी शब्दांची अदलाबदल. शब्द मात्र ज्याचे त्याच्याकडे राहिले, कारण शब्दावरून माणूस कोणत्या घरातला ते कळते.

इथे एक सावधगिरी हवी. वाक्ये जुळली म्हणजे मने जुळली, असा राष्ट्रीय एकात्मतेचा निष्कर्ष विद्यार्थ्याने घाईने काढू नये. कुपवाडचे शब्द वेगळे राहिले ते जातीधर्माच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणूनच. व्यवहार एकत्र आणि घरे वेगळी, ही आपल्या समाजाची खरी स्थिती भाषेत उतरली आहे. ती जशी आहे तशी लिहिणे हे संशोधकाचे काम आहे.

मग अभ्यास करायचा कुठे? १९६२ साली विल्यम लबॉव हा विद्यार्थी पीएच.डी.साठी न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेला. श्रीमंतांचे एक, मध्यमवर्गाचे एक, स्वस्तातले एक. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता विचारायचा आणि उत्तरातला ‘र’ कसा उच्चारला जातो ते टिपायचे. २६४ जणांच्या त्या दोन-दोन शब्दांच्या उत्तरांतून शहराची वर्गरचना दिसली. आपल्याकडे गुलमंडी आहे. लग्नाचा बस्ता बांधायला सर्व धर्मांची माणसे तिथे येतात. दुकानदार बुरख्याशी कोणत्या भाषेत बोलतो, नऊवारीशी कोणत्या? भाषा आधी कोण बदलतो, विकणारा की घेणारा? भाव कोणत्या भाषेत पाडला जातो, भांडण कोणत्या भाषेत होते? बाजारात अस्खलित मराठी बोलणारी बाई सोबतच्या मुलीला हळूच काय आणि कशात सांगते? कोणाचे नाव न लिहिता, दुकानदाराला सांगून-सवरून, एक महिना हे टिपले तर शंभर पानी यादीपेक्षा मोलाचे काहीतरी हाती लागेल.

हा प्रश्न केवळ विद्यापीठाचा नाही. दखनी घरातली मुलगी मराठीच्या वर्गात बोलली की तिचे उच्चार हसण्यावारी नेले जातात आणि मुशायऱ्यात गेली की ‘नक्को’वर हशा पिकतो. दोन्हीकडे ती अशुद्ध. पुढे तीच एम.ए. होते आणि स्वतःच्या घरातील बोली सोडून बखरींतील फारसी शब्द मोजू लागते, कारण प्रबंधाला तोच विषय शोभतो असे तिला शिकवले गेले आहे. आपण मराठी आहोत हे सांगताना आपणही दरवेळी संतकवींकडेच बोट दाखवतो. ते योग्यच आहे. पण तिच्या दादीच्या रोजच्या वाक्यात जी मराठी आहे, तिची नोंद कोण करणार? अशी मुलगी तुमच्या घरी, तुमच्या वर्गात असेल तर तिला एक वही द्या आणि दादीजवळ बसायला सांगा. दादीचे वय झाले आहे, विषय मंजूर होईपर्यंत थांबू नका.