चूक वाक्यात, शेरा माणसावर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या चुका सहज सापडतात. चूक दिसली की वाचणारा हसतो आणि लिहिणाऱ्याला अडाणी ठरवतो. ही प्रतिक्रिया लिहिणाऱ्याबद्दल अधिक सांगते की हसणाऱ्याबद्दल?

मिशिगन विद्यापीठातील ज्युली बोलँड व रॉबिन क्वीन यांनी यावरील प्रयोग २०१६ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. घरात सहनिवासी हवा, या जाहिरातीला आलेली उत्तरे म्हणून काही पत्रे ८३ जणांना वाचायला दिली. काहींत टंकनाच्या, तर काहींत 'युअर' व 'यू आर' यांच्या गल्लतीसारख्या चुका मुद्दाम पेरल्या होत्या. चुकांची पत्रे लिहिणाऱ्यांबद्दल वाचकांचे मत खाली आले. परंतु बहिर्मुख माणसांनी चुकांकडे काणाडोळा केला. फारसे जुळवून न घेणारी माणसे व्याकरणाच्या चुकांबाबत कठोर ठरली. म्हणजे निकालात परीक्षकाचा स्वभावही मिसळलेला असतो.

प्रयोग नेटका आहे, पण तो जसाच्या तसा आपल्या वर्गाला लावता येणार नाही. तेथील व्याकरणाच्या चुका उच्चारसाम्यातून होणाऱ्या होत्या. आपल्या मुलांच्या चुकांचे मूळ बहुधा वेगळे असते. त्यांच्या घरी मराठी, सिंधी किंवा हिंदी बोलतात. या भाषांत 'द'सारखे उपपद नाही, म्हणून ते गळते. आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येते. 'माझा एक मित्र' एकवचनी, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड'. हा निष्काळजीपणा नव्हे. मूल एका भाषेचा नियम दुसरीला लावते आहे. अशा चुकांवरून विद्यार्थी कोठवर आला आहे हे शिक्षकाला कळते, असे पिट कॉर्डर यांनी १९६७ सालीच मांडले होते.

शेरा वाचून लिहिणाऱ्याचे काय होते, हे या प्रयोगाने तपासलेले नाही. आमच्या मते शाळेत तोच प्रश्न मोठा आहे. विज्ञानाच्या वहीत 'प्लँट गिव्ह ऑक्सिजन' लिहिणाऱ्या मुलीला मुद्दा कळलेला असतो. तिचे गुण कापले, वर्ग हसला, की पुढच्या वेळी ती गाइडमधले वाक्य पाठ करून उतरवते. व्याकरण सुधारलेले दिसते; विचार मात्र थांबतो.

चूक दाखवू नये, असे आम्ही म्हणत नाही. 'इन्क्रीज'च्या जागी 'डिक्रीज' आले किंवा 'नॉट' गळले, तर विज्ञानच चुकते. तेथे गुण कापावेत. बाकीच्या चुकांखाली रेघ ओढावी, एका वेळी एकच नियम समजावावा. अंबरनाथच्या इंग्रजी स्पेलिंगात 'बी'नंतर कोणी 'ए' लिहितो, कोणी 'ई'; गाडी तरी त्याच स्टेशनात थांबते.