'भासमान' ऋतुचक्र : एका भूगणितीय निबंधाची शब्दमीमांसा

शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकातील विशेषणाकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. डोंग, फांग, बॉक, चेंग व मियाझाकी यांनी २००२ मध्ये 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा सारा प्रश्न मात्र एका विशेषणातच साठवला आहे. जीपीएसवरून काढलेल्या स्थानमालिकांतील ऋतुबदलांना निबंधकारांनी 'ॲपरंट' म्हटले आहे. या शब्दाला इंग्रजीत दोन अर्थ आहेत : जे उघड दिसते ते, आणि जे केवळ भासते ते. मराठीत या दोन अर्थांना एक शब्द नाही. 'दृश्य' म्हणावे की 'भासमान', याचा निर्णय भाषांतरकाराला करावाच लागतो, आणि तो करताना निबंधाचे प्रमेय काय आहे हे त्याला आधी ठरवावे लागते.

काही ठिकाणी 'दृश्य' हाच शब्द योग्य, हे निर्विवाद. पाऊस, बर्फ, पूर व मातीतील ओल यांचा भार पडला की भूकवच स्थितिस्थापक गुणामुळे खाली दबते, व भार ओसरला की वर येते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मनाउस येथील स्थानक वर्षभरात ५० ते ७५ मिलिमीटर खालीवर होते, असे बेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले. नदीची पातळी चढली की जमीन उतरते, आणि दोहोंत काळाचे अंतर आढळत नाही. येथे 'जमीन हलते' हे विधान वाच्यार्थानेच घ्यावयाचे.

परंतु प्रत्येक स्थानक म्हणजे मनाउस नव्हे. हवेतील बाष्पामुळे रेडिओलहरींना विलंब होतो. बाष्पालाही ऋतू असतात. त्याचा हिशेब चुकला तर जमीन जागीच असता स्थानक हलल्यासारखे दिसते. या दोन टोकांच्या मध्ये तिसरा एक प्रकार आहे : ज्या खडकावर व खांबावर यंत्र उभे असते तो उन्हाळ्यात प्रसरण पावतो. यंत्र खरोखरच वर जाते, पण त्यावरून भूकवचावरील पाण्याच्या भाराविषयी काहीच कळत नाही. निबंधकारांनी या तिन्ही प्रकारांचा विचार केला आहे, आणि त्यांचे विशेषण म्हणूनच सावध आहे. दोष इतकाच, की ही सावधगिरी तिन्ही प्रकारांना एकाच छताखाली आणते, आणि वाचकाने कोणती हालचाल कोणत्या अर्थाने 'भासमान' मानावी हे शब्दावरून कळत नाही.

त्यांची पद्धत भाषाशास्त्रज्ञास परिचित वाटेल. ज्ञात कारणांचा वाटा वजा करावयाचा आणि उरलेल्या शेषात डोकावावयाचे. ग्रिमच्या नियमातून जे शेष राहिले त्यातूनच व्हर्नर यांना १८७७ चा आपला नियम सापडला. येथे ज्ञात भारांनी उभ्या दिशेच्या वार्षिक बदलातील सुमारे ४० टक्के 'शक्ती'चा उलगडा होतो, असा निष्कर्ष आहे. हा आकडा फार जपून वाचावयास हवा. शक्ती ही विस्ताराच्या वर्गाशी निगडित राशी आहे. तेव्हा 'चाळीस टक्के हालचाल खरी, साठ टक्के खोटी' असे वाचन दोन्ही अंगांनी चूक ठरते. उरलेल्या भागात अज्ञात भारही असतील आणि गणिताच्या चुकाही.

या शेषाचा एक विलक्षण घटक निबंधकारांच्या हाती लागणे कठीणच होते. रे, अल्तमिमी, कोलिलियू व फान डाम यांनी २००८ मध्ये दाखविले की, जीपीएसच्या स्थानमालिकांत सुमारे ३५१ दिवसांचे आवर्तन व त्याचे अंश आढळतात. उपग्रहांच्या कक्षापातळ्या व सूर्य यांची सापेक्ष मांडणी तितक्या काळाने पुन्हा तशीच होते. हे वर्ष पृथ्वीवरील ऋतूंचे नव्हे, यंत्रणेचे स्वतःचे. इंग्रजीत त्याच्या नावात ग्रहण घडविणारा ड्रॅगन आहे; आपल्याकडे राहूकेतू हे चंद्राचे पात होत, म्हणून 'पातवर्ष' ही संज्ञा मराठीत आयतीच उपलब्ध आहे. ३५१ व ३६५ दिवसांची दोन आवर्तने एका संपूर्ण फेऱ्याने मागेपुढे होण्यास सुमारे २५ वर्षे लागतात. निबंधातील मालिका साडेचार वर्षांची. तेवढ्यात पातवर्ष व ऋतुवर्ष वेगळे पडत नाहीत. म्हणजे ज्याला तेथे 'वार्षिक' म्हटले आहे, त्यात दुसऱ्याच वर्षाचा अंश मिसळलेला असणे संभवते. 'भासमान' या शब्दाची खरी गरज येथे होती, आणि नेमका येथे तो अजाणता बरोबर ठरला.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ब्लूइट व लाव्हाले यांनी २००२ मध्येच दाखविले होते की, मालिका अडीच वर्षांहून तोकडी असेल तर ऋतूंची वरखाली भूपट्टांच्या वेगात मिसळते आणि काढलेला वेग विश्वसनीय राहत नाही. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय भौमिक संदर्भचौकटीच्या २०२० च्या आवृत्तीत स्थान व वेग यांजबरोबर वार्षिक व अर्धवार्षिक पदेही अभ्यासकांस उपलब्ध करून देण्यात आली. तत्पूर्वी स्थानकाचा सर्वसाधारण परिचय स्थान, तारीख व सरळ रेषेतील वेग एवढ्यावरच भागविला जाई. आता ऋतूही त्या परिचयाचा भाग झाला आहे. ही पदे मराठीत समजावून देताना 'जमिनीचे ऋतुचलन' असा सोपा शब्दप्रयोग लेखणीवर सहज येईल. मात्र त्यात जमिनीच्या नावावर यंत्रणेचेही चलन जमा होते. 'स्थानकाचे ऋतुचलन' असे म्हटले, तर हा गोंधळ टळतो.