फणा कोणाच्या भीतीचा?

श्रोतेहो, कला हा संस्कृतीचा आरसा असतो, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याला कोणी हटकत नाही. आज आपण त्याला जरा हटकू. आरशासमोर जे उभे असेल ते आरशात दिसते. भीतीचे तसे नाही. माणूस ज्याला घाबरतो ते तो सहसा जसेच्या तसे काढत नाही. कधी तिला देव्हाऱ्यात बसवतो, कधी तिच्या छातीवर पाय देऊन उभा राहतो. म्हणून एखादी मूर्ती पाहताना ‘हे लोक कशाला भीत होते’ एवढे विचारून भागत नाही. कोणाची भीती आकाराला आली आणि कोणाची आलीच नाही, हेही विचारावे लागते. त्यासाठी लांब जायला नको. सातारा-सांगलीचा पट्टा पुरेसा आहे.

वाई तालुक्यात किकली नावाचे गाव आहे, वीरगळांसाठी प्रसिद्ध. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, बरं का. तळाच्या चौकटीत वीर पडलेला. शेजारी गाई कोरल्या असतील तर गुरे पळवायला आलेल्यांशी लढताना तो गेला असे समजायचे. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा अर्थ. पुष्कळ वीरगळांवर नाव मात्र नसते. कीर्ती अमर आणि नाव गायब, हा विरोध आपल्याला खटकतो. कोरणाऱ्याला खटकला नसावा. कारण दगड त्या एका माणसासाठी जितका, तितकाच गावासाठी होता. गुरे गेली तर शेत गेले, शेत गेले तर गाव उठले. ही गावाची धास्ती. ती दगडावर कुठे दिसते? तळाशी, सर्वांत लहान जागेत. वर चढत जाल तशी ती नाहीशी होते. वीराच्या चेहऱ्यावर तर ती अजिबात नाही.

वीरगळांच्या आसपास कधी कधी सतीशिळाही असते. तिच्यावर खांबातून बाहेर आलेला एक हात असतो, कोपरात वाकलेला, पंजा वर, मनगटात बांगड्या. वीराला तीन-चार चौकटींची गोष्ट मिळाली, तिला एक हात. चेहरा नाही, त्यामुळे चेहऱ्यावर काय होते हा प्रश्नच नाही. बांगड्या अभंग आहेत एवढीच बातमी त्या शिल्पाला द्यायची होती. या शिळांच्या कारागिरीचे कौतुक जरूर करावे, पण हा हात समोर आला की आमची तरी रसिकता क्षणभर थांबते.

सतराव्या शतकात याच मुलखात समर्थांचे अकरा मारुती उभे राहिले. शहापूरचा, मसूरचा, उंब्रजचा, इकडे बहे-बोरगावचा, शिराळ्याचा. चाफळला तर दोन आहेत. एक रामापुढे हात जोडून उभा असलेला दास मारुती आणि दुसरा देवळामागचा प्रताप मारुती, पायाखाली दैत्य घेतलेला. दैत्य कोण, हे प्रत्येक काळाने आपापल्या सोयीने ठरवले. ती यादी आज नको. एवढेच पाहा की इथे भीतीला शरीर मिळाले आणि ते पायाखाली गेले. पुढे १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतले राक्षस तलवारी परजत, ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत यायचे, म्हणून त्या नाटकांना लोक अललडुर्र नाटकेच म्हणू लागले. भीती आता तिकीट काढून घेण्याची गोष्ट होण्याच्या वाटेवर होती.

भीतीची मजा कशी वाटते, हा आपल्याकडे जुना प्रश्न आहे. भयानक रसाचे स्पष्टीकरण करताना अभिनवगुप्त शाकुंतलातले ते हरीण घेतो, दुष्यंताच्या बाणापुढे पळणारे. प्रेक्षक हरणाची भीती अनुभवतो, पण ती भीती ना त्याची स्वतःची असते, ना त्या एका हरणाची. स्थळकाळाचे बंधन सुटले की ती आस्वादाची होते. हे विवेचन अतिशय सुंदर आहे. एक गोष्ट मात्र तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा बोलली जात नाही: हे सगळे जमते, कारण हरीण रंगमंचावर नाही. खरे हरीण आणून बांधले असते तर?

ही कल्पना हवेतली नाही. बत्तीस शिराळ्यात अनेक वर्षे खरा नाग आणून पुजला जात होता.

तिथली कथा अशी सांगतात. गोरक्षनाथ भिक्षेला आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून भिक्षा घालायला उशीर झाला. नाथांनी विचारले, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली, आणि मातीचा नाग सळसळला. तेव्हापासून नागपंचमीला शिराळ्यात जिवंत नाग. आधी काही दिवस शेतांतून ते पकडायचे, मडक्यात ठेवायचे, अंबामातेच्या देवळात न्यायचे, मिरवायचे, नंतर परत सोडायचे. मंडळे आली तशा स्पर्धाही आल्या: कोणाचा नाग लांब, कोणाचा फणा उंच.

इथे एका जर्मन अभ्यासकाची आठवण येते. आबी वारबुर्ग. १८९५-९६ मध्ये तो अमेरिकेतल्या पुएब्लो लोकांत हिंडला आणि १९२३ साली क्रॉइत्सलिंगेनच्या मनोरुग्णालयात, स्वतः रुग्ण असताना, त्याने होपींच्या सर्पविधीवर व्याख्यान दिले. होपी पुजारी पावसासाठी विषारी साप तोंडात धरून नाचत. वारबुर्गने तिथल्या शाळेतल्या मुलांना वीज काढायला सांगितली होती. चौदांपैकी दोघांनी बाणासारख्या तोंडाचा साप काढला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: माणूस जिवंत सापापासून सापाच्या प्रतीकाकडे जातो. भीतीची वस्तू आणि आपण यांच्यात चित्र उभे राहते, आणि त्या मोकळ्या जागेत विचार करता येतो. आता शिराळ्याची कथा पाहा. ती उलट्या दिशेने चालते. प्रतीक आधीच होते, मातीचे, घरातल्या बाईच्या हातचे. नाथांनी ते कमी प्रतीचे ठरवले.

पण नागपंचमीची घरोघरी वाचली जाणारी श्रावणातली कहाणी आठवा. शेतकरी नांगरत होता. फाळ लागून वारुळातली नागाची पिल्ले मेली. नागीण चवताळली, त्या घरातल्या माणसांना डसली. परगावी दिलेली त्याची मुलगी उरली होती, तिलाही डसायला गेली. तिथे मुलीने पाटावर गंधाने नाग-नागीण काढली होती, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला होता. ते पाहून नागीण शांत झाली आणि मेलेले परत उठले. या गोष्टीत दोन बाबी विलक्षण आहेत. एक, नागिणीला चित्र पुरले. दोन, गोष्ट सुरू होते ती माणसाच्या भीतीपासून नव्हे, नागिणीच्या दुःखापासून. त्या दिवशी नांगरू नये, चिरू नये, तवा ठेवू नये, हे सगळे तिथून येते. आमच्या मते कहाणी दंतकथेपेक्षा सखोल आहे. ती बायकांनी एकमेकींना सांगितली म्हणून तिच्यावर ग्रंथ झाले नाहीत, इतकेच.

आणि आता फण्याकडे या. नाग फणा केव्हा काढतो? धोका वाटला की. बरगड्या पसरून तो मानेला रुंद करतो, समोरच्याने मागे व्हावे म्हणून. म्हणजे फणा ही त्याच्या भीतीची आणि बचावाची मुद्रा आहे. आपण ज्याला देवत्व समजून हात जोडतो ती घाबरलेल्या प्राण्याची ढाल. उंच फण्याची स्पर्धा ही, नीट पाहिले तर, नाग किती घाबरतो याची स्पर्धा होती. पाजलेले दूध हे साप अन्न म्हणून घेत नाहीत, तो आणखी एक भाग.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तरी मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश येईपर्यंत प्रथा चालली. त्यानंतर प्रतिमेची पूजा सुरू झाली. जिवंत नागाची मागणी थांबली नाही. २०२५ मध्ये केंद्राने मोजके नाग धरायला परवानगी दिली ती शैक्षणिक कारणासाठी, पूजेसाठी किंवा स्पर्धेसाठी नव्हे. शिराळकरांची बाजू आपण हसण्यावारी नेऊ नये. ते म्हणतात, आम्ही नागाला मारत नाही, जपतो. ज्या देशात साप दिसला की काठी शोधतात तिथे हे लहान नव्हे. साप हाताळण्याचे, त्याचे बीळ ओळखण्याचे ज्ञान तिथल्या शेतकऱ्यांच्या हातात होते. बंदीने ते हात रिकामे केले, हेही खरे. वर शहरातल्या माणसाने पडद्यावर सापांचे चित्रपट आवडीने पाहायचे आणि शिराळ्याला मागास म्हणायचे, हा शहाणपणा आम्हाला मान्य नाही.

तरीही ‘प्रतिमेची पूजा म्हणजे खोटी पूजा’ हा जो सूर तिथे ऐकू येतो, त्याच्याशी आमचे भांडण आहे. हाच सूर धरला तर वीरगळ खोटा, मारुती खोटा, भाव्यांचा राक्षसही खोटा. मातीचा नाग हा जिवंत नागाचा गरीब भाऊ नाही. ते दुसरेच काम आहे. जिवंत नाग समोर असला की सगळे लक्ष तो डसेल का इकडे जाते, म्हणजे पुन्हा आपल्याच जिवाकडे. पिल्ले मेलेली नागीण आठवायला माती लागते, गंध लागते, थोडे अंतर लागते.

एक अडचण राहतेच, आणि ती प्रश्नोत्तरांत कोणी काढण्याआधी आम्हीच काढतो. मातीचा नागही कुंभार फणा काढलेलाच घडवतो. छापील चित्रातला नागही तसाच, वर डोक्यावर मणी. न घाबरलेला नाग कसा दिसतो हे आपल्या शिल्पकलेने फारसे पाहिलेले नाही. पाटावर गंधाची बोटे ओढून काही घरांत नुसती वळणांची रेघ काढतात, तिला कधी कधी फणा नसतो. ती रेघ कोणत्या संग्रहालयात नाही. दुसऱ्या दिवशी पाट धुतला जातो.