काढलं तसंच बसवा

गाडीदुरुस्तीच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास सापडतं. एखादा भाग कसा काढायचा हे दहा-बारा पायऱ्यांत, फोटोंसकट सांगून झालेलं असतं. आता वाचणारा विचारणार, बरं, परत बसवू कसा? त्याला एका ओळीत उत्तर मिळतं: याच पायऱ्या उलट क्रमाने करा. संपला विषय. पुढच्या पानावर दुसरा भाग सुरू.

इंग्लंडमधल्या हेन्स मॅन्युअल्समुळे हे वाक्य इतकं प्रसिद्ध झालं की तिकडे त्यावर विनोद होतात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मात्र आवडलं होतं. इतकं आटोपशीर लिहिणं भल्याभल्यांना जमत नाही. आज माझं मत उलटं आहे. या साहित्यप्रकारातलं सगळ्यात कमजोर वाक्य हेच. दुरुस्तीचं पुस्तक चांगलं की वाईट हे ओळखायचं असेल तर या वाक्यानंतर लेखकाने काय लिहिलंय ते बघावं. (हो, साहित्यप्रकारच म्हणतोय. प्रवासवर्णन चालतं, पाककृती चालतात, मग हे का नको?)

हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही, पार्किंगमध्ये झालंय.

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजले होते. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी घरीच बदलायचं ठरवलं. पॅडचा सेट आणला, कुठूनतरी डाउनलोड केलेली तीन पानांची निनावी पीडीएफ फोनवर उघडली. रविवार सकाळ. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल केले, मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावला, नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून खाली स्टँड ठेवला, चाक काढलं. माझ्या गाडीचा कॅलिपर दोन बोल्टांवर बसतो. त्यातला खालचा काढला की पुस्तकाचं कव्हर उघडावं तसा तो वर उचलला जातो. जुने पॅड हातानेच निघाले. इथपर्यंत पीडीएफ बरोबर होती.

मग नवे पॅड बसेनात. कारण साधं आहे. पॅड झिजत जातात तसतसा कॅलिपरमधला पिस्टन थोडा थोडा बाहेर येतो आणि तिथेच राहतो. नवे पॅड जाड, जागा कमी. पिस्टन मागे ढकलायला लागतो. त्यासाठी सुताराकडे असतो तसा सी-क्लॅम्प चालतो. ढकलताना बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. डबी काठोकाठ भरलेली असेल तर बाहेर सांडतं, आणि गाडीच्या रंगावर पडलं तर रंग खातं. यातली एकही गोष्ट पॅड काढताना घडलेली नसते. मग ती उलट क्रमात येणार कुठून?

पिस्टनचं कोडं मी सोडवलं. दोन्ही चाकं झाली, नट आवळले, हात धुतले, स्वतःवर खूश होतो. गाडी सुरू करून रिव्हर्स टाकला. आमच्या पार्किंगला मागच्या बाजूला उतार आहे. ब्रेक दाबला तर पाय सरळ खाली गेला, पेडलखाली काही नसल्यासारखा. हँडब्रेक ओढला म्हणून गाडी थांबली. मागे खांब होता आणि खांबाला टेकून पहिल्या मजल्यावरची मुलगी सायकलची चेन बसवत होती. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

तळमजल्यावरचे काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. सकाळपासून खुर्ची टाकून बघत होते. आता उठून आले.

“पेडल मारलंस का आधी?”

“म्हणजे?”

“पिस्टन मागे ढकललास ना? मग तो पुढे कोण आणणार? गाडी जागेवरून हलवायच्या आधी पेडल मारत राहायचं, कडक लागेपर्यंत. लिहिलं नव्हतं तुझ्या फोनमध्ये?”

“नाही. काका, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे?”

आता हेन्सशी न्यायाने वागायला हवं, कारण ती पीडीएफ हेन्सची नव्हती. हेन्सच्या पुस्तकांत उलट क्रमाचं वाक्य येतं, पण ब्रेकसारख्या कामात तिथे पूर्णविराम नसतो. पुढे ‘मात्र’ येतो आणि त्या ‘मात्र’नंतर काही मुद्दे. पेडल मारण्याची सूचना तिथे सापडते. मला ही पुस्तकं त्यामुळेच वाचनीय वाटतात, आणि त्यांचा रागही त्यामुळेच येतो. ज्याने हे काम केलंय त्यालाच ठाऊक असणारी माहिती त्या ‘मात्र’नंतर असते. ती शेवटी, बारीक मुद्द्यांत, वाचणारा थकून गेल्यावर येते.

जॉन हेन्सची सुरुवात छान आहे. ब्रिटिश हवाई दलात असताना त्याची नेमणूक एडनला होती. तिथे एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हिली स्प्राइट घेतली. ती दुरुस्त करताना हेन्सच्या लक्षात आलं की कंपनीचं मॅन्युअल साध्या मालकासाठी लिहिलेलंच नाही. त्यांनी इंजिन खोललं, परत जोडलं आणि पायरीपायरीचे फोटो काढले. 1966 मध्ये स्प्राइटचंच पहिलं मॅन्युअल आलं. पुढे हीच पद्धत ठरली: गाडी खरोखर खोलायची, खरोखर जोडायची, मग लिहायचं. म्हणजे जोडताना काय काय होतं हे या लोकांना पक्कं माहीत होतं. तरी पुस्तकात काढण्याचा भाग ऐसपैस आणि जोडण्याचा एका ओळीत. पानं वाचतात, हे व्यवहाराचं कारण मला समजतं. पण त्याने वाचणाऱ्याचा असा समज होतो की काढणं हेच कौशल्य आणि बसवणं म्हणजे नुसती आवराआवर.

प्रत्यक्षात काढलेली वस्तू तीच राहत नाही. दाराच्या आतल्या पॅनेलच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा निघताना तुटतात. म्हणून नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. इंजिन ऑइलच्या नटाखालची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वायसर एकदा दाबली गेली की तिचं काम झालं, तीच पुन्हा लावली तर ऑइल ठिबकण्याची शक्यता असते. गंजलेला बोल्ट जोर लावून काढला तर आटे जातात. आणि काढणारा माणूसही तोच उरत नाही. सकाळी नऊला पहिला बोल्ट काढणारा मी आणि दुपारी दीडला, उपाशीपोटी, शेवटचा बोल्ट आवळणारा मी यांच्यावर सारखाच विश्वास ठेवू नये.

हेन्सच्या फोटोंत माणूस असतो, पण फक्त हात. काळवंडलेली बोटं, पाना, बोल्ट. चेहरा सहसा नाहीच. काम किती अवघड हे एक ते पाच पान्यांच्या खुणेने दाखवतात. (मराठीत पान आणि पाना, दोन्हींचं अनेकवचन ‘पाने’ होतं, ही गंमत मला या पुस्तकांमुळे कळली.) अवघड आहे हे कळतं, अवघड म्हणजे कसं ते कळत नाही. हात दुखेल? काही तुटेल? की धीर सुटेल?

हा शेवटचा प्रश्न रॉबर्ट पर्सिगने घेतला, 1974 मध्ये. ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ बाइकबद्दल आहे, कारबद्दल नाही, पण अडकलेला स्क्रू दोन्हीकडे सारखाच. एका झाकणाचा स्क्रू निघत नाही, त्याची खाच झिजून जाते, आणि क्षुल्लक किमतीच्या त्या स्क्रूमुळे अख्खी बाइक निरुपयोगी होते. हे तो असं लिहितो की वाचताना माझ्या मनगटात कळ येते. सुटे भाग विसरू नयेत म्हणून त्याने सांगितलेला उपायही सुरेख आहे: जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायची आणि भाग डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पान वाचतो त्या क्रमाने मांडत जायचे. मी ते करतो. पण त्याच्या मुळाशी तेच स्वप्न आहे, की नीट मांडलं तर उलटं वाचत परत येता येतं. पर्सिगला ते अपुरं आहे हे कळलेलं असावं, नाहीतर माणसाचा धीर कुठे कुठे सुटतो यावर त्याने इतकी पानं खर्च केली नसती. बाकी त्याच्या तत्त्वज्ञानाच्या प्रकरणांत मी दोनदा अडकलो आणि दोन्ही वेळा पानं उलटून पुढे गेलो.

माझ्या मते या प्रकारातलं सगळ्यात चांगलं पुस्तक जॉन म्यूरचं. फोक्सवॅगन बीटल जिवंत कशी ठेवायची हे सांगणारं, 1969 मध्ये अमेरिकेत, न्यू मेक्सिकोमधल्या सांता फे इथून निघालेलं. म्यूर इंजिनीअर होता आणि ती दुनिया सोडून आला होता. पुस्तकाच्या उपशीर्षकातच तो वाचकाला ठार मूर्ख म्हणतो, पण अपमान वाटत नाही, कारण तो स्वतःही तुमच्या शेजारी, तेलकट हातांनी, उकिडवा बसलेला आहे. तुम्हाला काही येत नाही, भीती वाटते, घाई झालीय, हे सगळं धरून तो लिहितो. हेन्स बोल्टबद्दल सांगतो, म्यूर बोल्टसमोर बसलेल्या माणसाशी बोलतो. पीटर अॅश्वांडनची चित्रंही तशीच, कॉमिकच्या अंगाने जाणारी. त्यांत गाडीचा स्वभाव दिसतो.

म्यूरबद्दल दोन तक्रारी आहेत. एक, तो फार गप्पिष्ट आहे. मला हवी असलेली सूचना कधीकधी परिच्छेदाच्या पोटात दडलेली असते, आणि गाडीखाली पडून वाचणाऱ्याचा त्यात जीव जातो. दुसरी तक्रार त्याची नाही, काळाची आहे. बीटलचं इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, रेडिएटर नाही, आणि गाडीला मुख्यतः चार बोल्टांनी जोडलेलं. दोन माणसं ते खाली उतरवू शकतात. अशा गाडीशी मैत्री करता येते. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. तिच्याबद्दल म्यूरच्या आवाजात कुणी लिहिलं तर ते लाडिक वाटेल.

आपण सगळे खरं तर पुस्तकं वाचतच नाही, व्हिडिओ बघतो. मीही. पाना फिरवताना बोल्ट सुटल्याचा जो ‘टक’ आवाज येतो तो कुठल्याही पुस्तकाला देता येणार नाही. किती जोर लावायचा हे समोरच्याच्या खांद्याकडे बघून समजतं. पण व्हिडिओत तेच जुनं वाक्य कट होऊन आलंय. बोल्ट अडकला, आणि पुढच्या सेकंदाला तो तळहातावर. मधला पाऊण तास, गंजावर मारलेला स्प्रे, शिव्या, शेजाऱ्याकडून आणलेला पाइप, सगळं गायब. डावं चाक आठ मिनिटं दाखवतात आणि मग ‘उजवीकडेही सेम’. ज्या चाकाने त्रास दिला नाही तेच आपल्याला दाखवलंय अशी मला दाट शंका आहे. शिवाय तेलकट बोटाने स्क्रीन उघडत नाही ती नाहीच.

मराठीत या विषयावर मी वाचलेली पुस्तकं मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाची, म्हणजे परीक्षेत मार्क मिळवण्यासाठी लिहिलेली. घरच्या घरी पाना हातात घेणाऱ्यासाठी लिहिलेलं माझ्या हाती लागलेलं नाही. कोपऱ्यावर गॅरेज आहे आणि तिथली मजुरी अजून आपल्याला परवडते, हे एक कारण. दुसरं जास्त बोचणारं आहे. ज्यांना हे काम येतं त्यांतले कितीतरी जण दहा-बारा वर्षांचे असताना गॅरेजमध्ये ‘पोऱ्या’ म्हणून लागले, उस्तादाचा मार खात शिकले. त्यांना लिहायला कुणी सांगितलं नाही. आणि लिहिणाऱ्यांच्या घरात हात काळे करायचे काम दुसऱ्याचं, हे ठरलेलंच होतं.

कृती सांगणारं गद्य मात्र आपल्याकडे आहे, आणि उत्तम आहे. स्वयंपाकघरात. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 चं. वाटी-चमच्याने मापं देऊन त्यांनी जे केलं ते म्यूरने केलं त्याच जातीचं आहे: वाचणारीच्या हातात काय आहे तिथून सुरुवात. शिवाय पाककृतीला एक सोय आहे, तिथे उलट क्रम नावाची पळवाट नाही. झालेल्या भाजीतून कच्चा बटाटा परत मिळत नाही, त्यामुळे लेखिकेला शेवटपर्यंत लिहावंच लागतं.

नाशिकच्या मामेभावाचेही पॅड आता संपत आलेत. त्याच्यासाठी मी एक पान लिहायला बसलो आणि पहिल्याच क्रियापदाला अडलो. ‘बोल्ट काढावा’ असं लिहिलं तर पाककृतीचा शिरस्ता पाळला जातो, पण काढणारा कुणीच दिसत नाही. ‘बोल्ट काढा’ लिहिलं तर दारावरच्या सूचनेसारखं वाटतं. शेवटी ‘काढ’ लिहिलं. ‘काढ’ म्हटल्यावर पुढे आपोआप ‘थांब, कॅलिपर पाइपवर लोंबकळू देऊ नकोस, तारेने बांध’ असं येत गेलं. ‘एका वेळी एकच बाजू खोल, म्हणजे विसरलास तर दुसरी बघता येईल’ हेही आलं. पेडलचं वाक्य शेवटी होतं.

पान काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, पेन मागितलं आणि पेडलच्या वाक्याला गोल करून बाण काढून ते सगळ्यात वर नेलं.

“काका, पण ते शेवटचं काम आहे ना? क्रम चुकेल.”

“चुकू दे. शेवटपर्यंत वाचतो का तो?”

मग ‘बोल्ट बेताने आवळ’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे बेताने म्हणजे किती?” मला सांगता येईना. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मुठीत धरून पिळल्यासारखा केला, माझ्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला.

“हे नाही लिहिता येणार तुला,” ते म्हणाले. “खाली माझा नंबर टाक.”