रूझवेल्टची बंदूक व तिची साक्ष

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा 'आफ्रिकन गेम ट्रेल्स' हा १९१० सालीं प्रसिद्ध झालेला शिकारग्रंथ आम्हीं नुकताच पुन्हां समग्र वाचला. जुन्या लिव्हर-ॲक्शन बंदुकांनीं मोठीं जनावरें मारण्याची हौस आजहि जिवंत आहे, व ती बाळगणारे या ग्रंथाचा दाखला शब्दप्रमाणासारखा देतात. तो कितपत टिकतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

१९०९ च्या एप्रिलांत मोंबासा येथून सुरू होऊन १९१० च्या मार्चांत खार्टूम येथें संपलेली ही मोहीम स्मिथ्सोनियन संस्थेकरितां नमुने जमविण्यास निघाली होती. रूझवेल्टांपाशीं मुख्य बंदुका तीन: स्प्रिंगफील्ड, इंग्लिश मित्रांनीं भेट दिलेली हॉलंडची दुनळी, आणि विंचेस्टरची १८९५ च्या नमुन्याची ४०५ मापाची. यांपैकीं शेवटचीच लिव्हर-ॲक्शन. चापाखालील तरफ खालीं ढकलतांच रिकामें काडतूस बाहेर पडतें व ती वर ओढतांच नवें नळींत बसतें. म्हणून दुसरा बार लवकर काढतां येतो. पूर्वीच्या विंचेस्टरांत काडतुसें नळीखालच्या नळकांड्यांत एकामागें एक असत. ब्राउनिंगनें रचलेल्या या नमुन्यांत तीं पेटींत एकावर एक बसतात, त्यामुळें टोकदार गोळीहि निर्धास्त वापरतां येते.

सिंहांच्या बाबतींत ही बंदूक आपणांस तरी मंत्रसिद्ध ठरली, असें ग्रंथकार सांगतात. 'सिंहांच्या बाबतींत' व 'आपणांस तरी' हीं दोन्ही बंधनें दाखला देणारे गाळतात. केनिया पर्वताजवळ पहिला हत्ती मारतांना रूझवेल्टांच्या हातीं दुनळीच होती. ग्रंथांतील कोष्टकांत त्यांचीं २९६ व पुत्र कर्मिटचीं २१६, मिळून ५१२ जनावरें नोंदलीं आहेत. परंतु तें कोष्टक शिकाऱ्यावार आहे, बंदुकीवार नाहीं. किती बार झाले, किती जनावरें जखमी होऊन निसटलीं, हेंहि त्यांत नाहीं. मग त्या संख्येचें श्रेय एका बंदुकीच्या पदरीं कसें टाकावें? 'सिंह मेला, म्हणून बंदूक श्रेष्ठ' हा हेतु नैयायिकांच्या भाषेंत अनैकान्तिक होय. कारण नांदी लोकांनीं केवळ भाल्यांनीं सिंह मारल्याचें वर्णन याच ग्रंथांत आहे.

ग्रंथकाराचा प्रामाणिकपणा मात्र मान्य केला पाहिजे. आपला नेम बेताचाच आहे हें ते लपवीत नाहींत, चुकलेले बारहि सांगतात. बंदूक वाहणारे मुहम्मद व बकारी यांचीं नांवें ते देतात. त्यांच्या तोंडची हकीकत आपणांस मिळती तर ताडून पाहतां आलें असतें.

खरा दोष निराळा आहे. लाडो प्रांतांतील पांढऱ्या गेंड्यांची संख्या व वसतिस्थानें नीट कळेपर्यंत त्यांचा वध बंद ठेवणें इष्ट, असें ग्रंथकार स्वतःच लिहितात. आणि कोष्टकांत पांढरे गेंडे नऊ! संग्रहालयास नमुने हवे होते हें खरें. पण नऊच कां, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस ग्रंथांत सांपडलें नाहीं. या उत्तरेकडील उपजातीचा शेवटचा नर २०१८ सालीं केनियांत मेला. आतां दोन माद्या तेवढ्या उरल्या आहेत. हा संहार मुख्यतः पुढील काळांतील चोरट्या शिकारीनें झाला. त्याचा सारा भार या नवांवर घालणें अन्यायाचें होईल. तथापि मनूनें मृगया राजाच्या कामज व्यसनांत कां गणली, हें येथें कळतें. मर्यादा समजते, सांगतांहि येते, पण हातीं बंदूक असतां पाळवत नाहीं.

सारांश, बंदुकीच्या गुणाविषयीं हा ग्रंथ दुय्यम साधन होय. शिकाऱ्याच्या मनाविषयीं मात्र तो अव्वल दर्जाचा आहे, आणि त्यासाठींच तो अभ्यासकांनीं अवश्य वाचावा.